यादीत नसलेला प्रश्न

आमच्या फॉर्मवर चौकोन असतात. मोठा बुद्ध, हरणं, चहा, किमोनो घालून फोटो, शाईच्या कारखान्यात स्वतःच्या मुठीत शाईची वडी दाबणं. हवं ते ठेवा, नको ते काढा, दिवस तुमचा, असं जाहिरातीत लिहिलंय आणि लोक ते फार मनावर घेतात. एका बाईने सगळे चौकोन भरून खाली "आणि थोडी शांतता" असंही लिहिलं होतं. पण सगळेच चौकोन रिकामे सोडणारा माणूस मला एकवीस वर्षांत पहिल्यांदा भेटला. त्याने फक्त शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: अठ्ठावीस मे, सकाळी दहा ते दुपारी दोन, मोठ्या दरवाजाजवळचं गवत. चालायचं नाही, बसायचं आहे. गाईड सोबत हवा, बिल्ला आणि झेंड्यासकट.

"ताकिगुचीबाई, लॉटरी लागली तुम्हाला," ऑफिसातला कोमेदा फोनवर म्हणाला. "नुसतं बसायचे पैसे मिळतायत. गुडघे दुखतात म्हणून रडत होतात ना?"

"रडत नव्हते, सांगत होते. आणि बसायला गाईड कशाला लागतो रे? पाणी कुठेतरी मुरतंय."

"मुरू द्या. आपल्याला काय करायचंय?"

आम्ही नारावाले मोठ्या बुद्धासारखे बसून धंदा करतो, गिऱ्हाईकाने आपणहून यायचं, अशी ओसाकावाले आमची थट्टा करतात. चला, म्हटलं, एक दिवस त्यांचं म्हणणं खरं करू.

तो स्टेशनबाहेर उभा होता. पन्नाशीचा, उंच, थोडा पोक आलेला. टोपी नवी, बूट नवे, गळ्यात कॅमेरा, हातात नकाशा पूर्ण उघडलेला. इतका टुरिस्ट दिसणारा टुरिस्ट मी कधी पाहिला नव्हता. नाव दुआर्ते, गाव पोर्तुगालमधलं. इंग्रजी मोजून मापून बोलायचा. उजव्या हाताच्या एका बोटाचं पेर तुटलेलं होतं, सुताराचं तुटतं तसं.

"निदान मोठा बुद्ध तरी बघून घ्या," मी म्हटलं. "एवढ्या लांबून आलात."

"नको, थँक यू," तो म्हणाला आणि गवताजवळच्या बाकावर जाऊन बसला, तो बसलाच.

आमच्या उद्यानात मे महिना हा पाडसांचा. जागोजागी पाट्या लागतात: पाडसाला हात लावू नका, माणसाचा वास लागला तर आई त्याला जवळ घेत नाही. तो ती पाटी पुन्हापुन्हा वाचत होता. पाटीचं इंग्रजी झाडाच्या बाजूला आहे, आमच्या बाजूला फक्त जपानी, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. मी आपली सवयीने छापून आणलेला दिवसाचा कार्यक्रम मांडीवर घेऊन बसले होते. कार्यक्रम म्हणजे काय, तर दहा ते दोन, बसणे.

तेवढ्यात मागून एक हरणी आली आणि तिने तो कागद ओढला. दुआर्ते ताडकन उठला. "ए बये, सोड की!" तो ओरडला. "कागुद हाय त्यो! प्वाटात दुखंल तुझ्या!"

हे सगळं जपानीत. साध्या नव्हे, डोंगरापलीकडच्या मिए भागातल्या खेडवळ जपानीत. हरणांची बिस्किटं विकणाऱ्या हात्सुआजी शेजारीच गाडा लावून बसल्या होत्या. त्या हसून हसून खोकायला लागल्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "हा तर माझ्या माहेरचा निघाला."

मला हसू आलं नाही. मी दुभाषी आहे. ज्याला भाषा येत नाही त्याच्यासाठी मी तोंड झिजवते. इथे हा बाबा सकाळपासून माझ्याकडून "पाणी हवंय का", "ऊन लागतंय का" इंग्रजीत ऐकून घेत होता.

"तुम्हाला जपानी येतं," मी म्हटलं. "मग मी इथे कशाला? शोभेला?"

"हो," तो जपानीतच म्हणाला. "शोभेलाच. रागावू नका, ताकिगुचीबाई. एकटा परदेशी माणूस शाळेच्या पोरांकडे बघत बसला, तर पाव तासात पोलीस येऊन विचारतो. शेजारी झेंडेवाली बाई असली की तो टुरिस्ट. टुरिस्टकडे कोणी बघत नाही."

"आणि पोरांकडे तुम्हाला का बघायचंय?"

त्याने सांगितलं. लांबण न लावता, घटवून घटवून गुळगुळीत झालेलं सांगतात तसं. तो मिएमध्ये लाकडी कपाटांच्या कारखान्यात कामाला होता. तिथेच लग्न झालं, मुलगी झाली. मारिना. नाव दोन्हीकडे चालेल म्हणून दोघांनी मिळून ठेवलेलं. मुलगी तीन वर्षांची असताना त्याची आई वारली, तो तीन आठवड्यांसाठी पोर्तुगालला गेला. परत आला तर घरात दिवाही नव्हता. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती. मग कोर्ट. आमच्याकडे घटस्फोट झाला की मूल एकाचंच होतं, दुसऱ्याने लांबून बघायचं, आणि तेही समोरच्याने बघू दिलं तर. त्याने पाठवलेली पत्रं न उघडता परत यायची. दोनदा दारात जाऊन उभा राहिला, तिसऱ्यांदा पोलिसांनी समज दिली. मग तो देश सोडून गेला.

"मारत होतात का बायकोला?" मी विचारलं. विचारायलाच हवं होतं.

"नाही. ओरडायचो. फार ओरडायचो," तो म्हणाला. "ती घाबरायची, हे मला उशिरा कळलं."

मला त्याची बायको माहीत नाही. तिची बाजू तिची असेल. हा माणूस मात्र खोटं बोलत नव्हता, एवढं मला कळलं.

मुलगी पहिलीत गेली तेव्हापासून तो बायकोच्या माहेरच्या गावातल्या शाळेचं इंटरनेटवरचं पान बघत आला होता. पोहण्याचा तास, भाताची लावणी, खेळांचा दिवस. चेहरे मुद्दाम पुसट केलेले. दुधाची तहान ताकावर, आणि ताकही पाणी घातलेलं. त्याच पानावर वर्षाचं वेळापत्रक होतं: सहावीची सहल, अठ्ठावीस मे, नारा, सकाळी साडेदहा ते एक, परदेशी पाहुण्यांशी इंग्रजी संभाषण.

हा प्रकार इथे रोजचा. बाहेरगावच्या शाळा येतात, पाच-पाच पोरांचे गट करतात, प्रत्येक पोराला काम वाटून दिलेलं असतं. एक प्रश्न विचारणार, एक लिहून घेणार, एक घड्याळ सांभाळणार, एक फोटो काढणार, एक भेट देणार. आणि गवतावर दिसेल त्या परदेशी माणसाला गाठून कागदावरचे सहा प्रश्न विचारायचे, सही घ्यायची, कागदाचा बगळा द्यायचा. मी हे हजार वेळा पाहिलंय आणि दर वेळी कंटाळलेय. कोणी बाप ह्या सहा प्रश्नांसाठी अर्धी पृथ्वी ओलांडून येईल, हे कधी मनात आलं नव्हतं.

"पुढच्या वर्षी ती मोठ्या शाळेत जाईल," तो म्हणाला. "कुठल्या, ते मला कोण सांगणार? म्हणजे हेच."

"ओळखाल कशी?"

"डोक्यात दोन भोवरे आहेत तिच्या. पोरं आभार मानायला टोपी काढून वाकतात ना, तेव्हा दिसतील."

दोन भोवऱ्यांचं पोर हट्टी निघतं, असं आमच्याकडे म्हणतात. मी ते बोलले नाही. मी अटी घातल्या, कारण घाबरल्यावर मला अटी सुचतात. "हे बघा, नाव दुसरं सांगायचं. देश दुसरा सांगायचा. आपण कोण, ते काही बोलायचं नाही. आणि जपानी एक शब्दही नाही, जे बोलायचं ते माझ्या तोंडून. पोरीच्या शाळेत तमाशा झाला तर भोगणार ती. कबूल?"

"कबूल. नाव पाउलो, देश स्पेन. मला फक्त ती वाकलेली बघायचीय."

साडेदहाला बसगाड्या आल्या. पिवळ्या टोप्या, लाल टोप्या, पांढऱ्या टोप्या. त्याच्या मुलीच्या शाळेच्या टोप्या हिरव्या. आमच्या बाकावर पोरांची रांग लागली, कारण तो बसलेला होता, एकटा होता आणि चेहरा गरीब होता. पिवळ्या टोप्यांनी विचारलं, तुम्हाला कोणता जपानी पदार्थ आवडतो. लाल टोप्यांनी तेच विचारलं. एका गटातला घड्याळवाला पोरगा प्रत्येक उत्तराला "राहिली तीन मिनिटं" असं ओरडत होता. साडेबारापर्यंत दुआर्तेच्या मांडीवर अकरा बगळे जमले होते आणि त्याने अकरा वेळा "उदोन" असं सांगितलं होतं. अकरा वेळा पोरांनी टोप्या काढून वाकून आभार मानले, आणि दर वेळी तो त्या डोक्यांकडे बघायचा आणि मग हळूच माझ्याकडे.

हिरव्या टोप्या आल्या होत्या. पण त्या पलीकडे, तळ्याच्या बाजूला, एका गोऱ्या कुटुंबाभोवती गोळा झाल्या होत्या. त्या कुटुंबात एक तान्हं बाळ होतं, त्यापुढे आमचा पाहुणा कुठे टिकणार?

"राहू दे," तो पावणेएकला म्हणाला. "इथून दिसतायत. त्यातलीच एक असेल."

हे ऐकून माझं पित्त खवळलं. कोणावर, ते सांगता येणार नाही. आपण होऊन काही करायचं नाही, हे मी सकाळीच ठरवलं होतं. पण मी झेंडा उचलला, दुखऱ्या गुडघ्यांनी ते गवत तुडवत गेले आणि हिरव्या टोप्यांच्या घोळक्यात शिरून अगदी गाईडच्या आवाजात म्हटलं, "माझे पाहुणे मोकळे आहेत, सावकाश बोलतात. कोणाचा गट राहिलाय?"

दोन गट राहिले होते. त्यातल्या एकात एक पोरगी बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच होती, केस तपकिरी, हातात कागदी खोक्याचा स्वस्त कॅमेरा. "तुम्ही चला," मी त्या गटाला म्हटलं.

गटाचा म्होरक्या हिबिकी नावाचा गोल चेहऱ्याचा मुलगा. वाटेत त्याने त्या मुलीला कोपर मारलं. "तू विचार ना इंग्रजीत. तुला यायला पाहिजे. अर्धी तिकडचीच आहेस."

"मला नाही येत. तुझ्याइतकंच येतं."

"मग फुकट गेला की तुझा चेहरा."

"तुझा तर मिळालाच नाही फुकटसुद्धा," ती म्हणाली, आणि बाकीचे फिदीफिदी हसले. हट्टी आहे, मी मनात म्हटलं.

दुआर्ते उठून उभा राहिला होता. पोरं ओळीत उभी राहिली, एकेकाने आपलं नाव इंग्रजीत सांगितलं. उंच पोरगी शेवटची. "माय नेम इज मारिना." तो नुसता मान हलवत राहिला. हात त्याने पाठीमागे घेतले होते, एकमेकांत घट्ट धरून. ते फक्त मला दिसत होते.

हिबिकीने कागद वर धरून पहिला प्रश्न वाचला. नाव काय? "पाउलो." दुसरा प्रश्न, कुठून आलात?

"पोर्तुगाल," दुआर्ते म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचं त्यालाच कळलं होतं की चुकलं. दोन तास घोकलेला देश त्या पोरीसमोर त्याच्या तोंडातून निघेना.

"अरे, मारिना," हिबिकी जपानीत म्हणाला, "तुझे बाबा तिथलेच ना?"

"हो," ती म्हणाली. ती कॅमेऱ्याचं चाक फिरवत होती. "पण ते वारले."

आज मंगळवार आहे, असं सांगावं तसं ती म्हणाली. दुआर्ते हसला. ज्याला भाषा येत नाही तो माणूस अशा वेळी हसतो, आणि त्याने मला शब्द दिला होता की भाषा येत नाही. त्या हसण्याकडे मला बघवेना. मी हात्सुआजींच्या गाड्याकडे बघत राहिले.

बाकीचे चार प्रश्न कसे झाले ते मला आठवत नाही. उदोन म्हणाला असेल. सगळं संपत आलं तशी ती पोरगी माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "काकू, मला एक विचारायचंय. यादीत नाहीये तो प्रश्न. चालेल?"

"विचार ना बाळा."

"पोर्तुगालमध्ये थडगी कोण धुतं? म्हणजे, आपल्याकडे आपण जातो ना, पाणी घालतो, गवत काढतो. माझ्या बाबांचं तिकडे आहे. आई म्हणते फार लांब आहे, जाता येत नाही. मग ते कोण धूत असेल?"

मी दुआर्तेकडे वळले आणि ते सगळं इंग्रजीत सांगितलं. सांगायची काहीच गरज नव्हती. त्याने ते त्याच्या स्वतःच्या कानांनी, तिच्या स्वतःच्या आवाजात ऐकलं होतं. तरी त्याने मान देऊन माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग तो सावकाश बोलला, माझ्याकडे बघून नाही, तिच्याकडे बघून.

"तिला सांगा, आमच्याकडेही धुतात. गावातली माणसं धुतात, कोणाचंही असलं तरी. दगड समुद्राजवळ आहेत, वाऱ्याने स्वच्छ राहतात, तिने काळजी करू नये." मग पुढे म्हणाला, "आणि तिला सांगा, तिच्या बाबांनी तिला सोडलं नव्हतं. ते रोज तिची आठवण काढतात, अगदी रोज. एक दिवसही चुकला नाही."

माझ्या कामाचा एकच धर्म आहे. समोरचा बोलेल ते पोचवायचं, घालायचं नाही, गाळायचं नाही. नव्या मुलींना मी हेच शिकवते. पण त्या वेळी त्यांचे मास्तर गवतावरून आमच्याकडे येताना दिसले, हातात शिट्टी. आठवण काढतात, काढत होते नव्हे. मेलेला माणूस आठवण कशी काढेल, हे पोरगी विचारील, मास्तर ऐकतील, मग चौकशी, मग माझा बिल्ला, मग ह्या माणसाला पोलीस. उगाच कोणाला त्रास नको. हे सगळं एका श्वासात डोक्यात आलं. मी घाबरले. दुसरं काही कारण नाही.

"काका म्हणतात," मी म्हटलं, "की तिथेही गावातली माणसं धुतात. समुद्राजवळ असतात थडगी, वाऱ्याने स्वच्छ राहतात. तू काळजी करू नकोस."

पोरीने माझ्याकडे पाहिलं. "एवढंच? काका तर बरंच बोलले."

"इंग्रजीत लांब लागतं," मी म्हटलं.

दुआर्तेने हे ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला. तो तोंड उघडून तीन शब्द जपानीत बोलला असता तरी झालं असतं. त्याने ओठ दाबले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. त्याने मला दिलेला शब्द पाळला. मी मात्र माझं काम पाळलं नाही.

मास्तर आले, नमस्कार झाले, "पोरांनी तसदी दिली" झालं, "छे, छे" झालं. फोटोसाठी चार पोरं दुआर्तेभोवती उभी राहिली. पाचवी कॅमेऱ्यामागे. "मी काढतो, तू उभी राहा," मास्तर तिला म्हणाले. ती म्हणाली, "नको, माझं काम आहे ते." तिने कॅमेरा डोळ्याला लावला, एकदा दाबला आणि चाक फिरवलं. फोटो पाठवायला पत्ता मागितला, तो मी ऑफिसचा दिला.

मग तिने त्याच्या हातात बगळा ठेवला, टोपी काढली आणि वाकली. पोरं वाकतात तशी, अर्ध्यावर नाही, पार कमरेत. दोन भोवरे होते. एक मधोमध आणि एक डाव्या कानाकडे. दुआर्तेचा हात पाठीमागून सुटला आणि तिच्या डोक्यापासून ओंजळभर अंतरावर येऊन थांबला. ती सरळ होईपर्यंत त्याने तो खिशात घातला होता.

ती गेली. बस सुटेपर्यंत तो उभाच होता. मग बाकावर बसला. मी त्याच्या शेजारी बसले. हातातला बगळा जपून खिशात ठेवत तो म्हणाला, "तुम्ही एक वाक्य गाळलंत."

"हो."

"बरोबर केलंत. मीच शब्द मोडत होतो." आणि त्याने, ज्याला मी फसवलं होतं त्या माणसाने, माझ्यापुढे वाकून आभार मानले. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी रात्री झोपले असते. दोन वाजायला अजून अवकाश होता, पण तो निघाला. अकरा बगळे हात्सुआजींच्या गाड्यावर ओळीत मांडून गेला. बारावा नव्हता त्यात.

"काय झालं गं त्याला?" आजींनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. आपल्याला काय करायचंय.

जुलैच्या मध्यावर ऑफिसात एक जाड पाकीट आलं. गटातल्या पाचही पोरांची आभाराची पत्रं आणि तो फोटो. कोमेदा म्हणाला, "तुमच्या बसणाऱ्या पाहुण्याचं टपाल आलंय." चार पत्रं मास्तरांनी फळ्यावर लिहून दिल्यासारखी सारखी होती. पाचवं असं होतं:

"पाउलोकाका, त्या दिवशी वेळ दिलात, आभारी आहे. फोटो नीट आला नाही, माफ करा. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि तुम्ही माझ्याकडे बघताय. दुसरा काढायला हवा होता, पण प्रत्येक गटाला एकच मिळणार होता. थडगी समुद्राजवळ असतात हे मी आईला सांगितलं. कोणता समुद्र, असं विचारलं तर ती उठून स्वयंपाकघरात गेली. गाईडकाकूंना एक विचाराल का? त्या दिवशी तुम्ही शेवटी जे बोललात, ते त्यांनी पूर्ण सांगितलं नाही असं मला वाटतं. त्यात 'एव्हरी डे' असं दोनदा तरी आलं. तेवढं मला येतं. रोज काय, ते मला कळवाल का?"

मी ते पत्र ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. एकसष्ट वर्षांची बाई जिन्यात बसून रडत होती आणि लोक बाजूने पाय चोरत वर जात होते.

फोटो आणि पत्र मी पोर्तुगालला पाठवून दिलं. त्याचं एक कार्ड आलं. फोटो चौकटीत लावलाय, चौकट स्वतः केलीय. एवढंच. तिला उत्तर द्या, असं त्याने लिहिलं नव्हतं. न द्या, असंही नाही. तो माझ्यावर सोपवून मोकळा झाला नव्हता, तो मला मोकळं ठेवत होता, आणि मला त्याचाच जास्त त्रास झाला.

उत्तर लिहायला मला महिना लागला. चार ओळींचं पत्र. शाळेत मास्तर आधी वाचतील, हे माहीत होतं. पोरीच्या आईवर काय ओढवेल, हेही मनात यायचं. आठ वेळा लिहिलं, आठ वेळा फाडलं. शेवटी ऑगस्टच्या अखेरीला लिहिलं: "काका म्हणाले होते की तुझ्या बाबांनी तुला सोडलं नव्हतं. ते रोज तुझी आठवण काढतात. एक दिवसही चुकला नाही. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. चूक माझी आहे." आणि टपालपेटीत टाकलं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते पत्र परत आलं. न उघडलेलं. सोबत मास्तरांची चिठ्ठी, सुरेख अक्षरात: सदर विद्यार्थिनीने उन्हाळ्याच्या सुट्टीत घरच्यांच्या इच्छेनुसार शाळा बदलली आहे. नवीन पत्ता आम्हाला देता येत नाही. आपल्याला तसदी झाली, क्षमस्व.

ते पाकीट माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्याच्याकडे अशी किती परत आलेली पाकिटं असतील, हे मी त्याला विचारलं नव्हतं. माझ्याकडे एकच आहे आणि ते मला झेपत नाही. मे महिन्यात ते वाक्य सांगायला मला चार श्वास लागले असते. फार तर मास्तरांनी भुवया वर केल्या असत्या.

दुआर्तेला मी अजून कळवलेलं नाही. गेल्या आठवड्यात शाळेच्या पानावर खेळांच्या दिवसाचे फोटो आले. मी ते उघडून पाहिले. दोरखंड ओढणारी पोरं, हिरव्या टोप्या, चेहरे नेहमीसारखे पुसट. मागच्या रांगेत एक उंच मुलगी आहे. ती मारिना नाही. पण तिकडे तो तिच्याकडे बघत बसला असेल.